डब्यावर इंग्लिश, आत सायप्रस: पाइपच्या तंबाखूची भानगड

सीरियाच्या बातम्या गेल्या दहा वर्षांत तुम्ही वरवर जरी वाचल्या असतील तरी लताकिया हे नाव डोळ्यांखालून गेलेलं असणार. भूमध्य समुद्रावरचं बंदर, २०१५ पासून शेजारीच रशियाचा हवाई तळ, आणि मार्च २०२५ मध्ये त्या किनाऱ्यावर पुन्हा भयंकर हिंसाचार झाला म्हणून परत मथळ्यात. पण पाइप ओढणाऱ्या माणसासमोर हे नाव घेतलं की त्याला बंदर नाही आठवत, एक काळंकुट्ट, धुरकट वासाचं तंबाखूचं पान आठवतं, आणि गंमत अशी की ते पान ज्या मिश्रणात पडतं त्या मिश्रणाला लोक 'इंग्लिश ब्लेंड' म्हणतात. म्हणजे डब्यावर इंग्लिश मिक्स्चर, आत पानं सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस आणि अमेरिकेकडची, आणि डबा बऱ्याचदा भरलेला डेन्मार्कमध्ये. मग यात इंग्लंडचं नेमकं आहे काय? ड्यूटी फ्रीमध्ये असा डबा उघडून "हे जळलंय का?" असं विचारणारे बरेच भेटलेत, त्यामुळे एकदा नीट लिहून टाकतो. उत्तर चवीत थोडं आहे आणि जकातीत जास्त.

मुळात हे एक पान नाहीच

आपल्याकडे तंबाखू म्हटलं की निपाणीकडचा विडीचा तंबाखू, नाहीतर चुना लावून मळायचा, नाहीतर आजीची मिश्री. पाइपचा तंबाखू म्हणजे तीनचार प्रकारची पानं ठरलेल्या प्रमाणात एकत्र केलेली, त्यालाच ब्लेंड किंवा मिक्स्चर म्हणायचं. झाड तेच असतं, निकोटियाना टॅबॅकम. फरक पडतो तो ते कुठल्या मातीत वाढलं यानं, आणि त्याहून जास्त ते तोडल्यावर सुकवलं कसं यानं. या सुकवण्याला क्युअरिंग म्हणतात. नुसतं वाळवणं नाही हे, कारण त्या काळात पानाच्या आत बरंच काही घडत असतं, हिरवेपणा जातो, स्टार्चची साखर होते, आणि ही साखर पुढे पानात टिकते की संपून जाते यावर त्या तंबाखूचा अख्खा स्वभाव ठरतो.

भट्टीत सुकवलेलं पान ते व्हर्जिनिया. बंद खोलीत पानं टांगायची, बाहेर जाळ करायचा आणि गरम हवा लोखंडी नळ्यांतून खोलीत फिरवायची, धूर पानाला लागू द्यायचा नाही. आठवड्याभरात पान पिवळंधमक होतं आणि साखर आतच अडकते. याची एक गोष्ट सांगतात, १८३९ ची, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीमधली. स्टीफन नावाचा एक गुलाम तरुण मालकाच्या शेतावर पानं सुकवत बसला होता, आग विझत आली म्हणून त्यानं घाईघाईत कोळसा टाकला, एकदम जोरदार कोरडी उष्णता सुटली आणि पानं झगझगीत पिवळी झाली. पुढे त्या पिवळ्या पानानं मालकाचं नाव झालं, तरुणाचं आडनावही कोणी नीट लिहून ठेवलं नाही. असो. आज हाच प्रकार आंध्रात आणि कर्नाटकात प्रचंड पिकतो, त्यासाठी गुंटूरला तंबाखू बोर्ड आहे, आणि आपल्या सिगरेटी बहुतेक याच पानाच्या.

हवेशीर गोठ्यात आठवडेच्या आठवडे टांगून सुकवलेलं पान म्हणजे बर्ली. यात साखर जवळपास संपलेली असते आणि पान स्पंजासारखं सच्छिद्र होतं, वरून टाकलेला कुठलाही रस पिऊन घेतं. व्हॅनिला, चेरी, चॉकलेटच्या वासाचे जे पाइप तंबाखू मिळतात (त्यांना ॲरोमॅटिक म्हणतात) ते बरेचसे याच्या जिवावर. इंग्लिश ब्लेंडमध्ये याला फारसं काम नाही, म्हणून पुढे जाऊ.

तिसरं ओरिएंटल, म्हणजे तुर्कस्तान, ग्रीस, काळ्या समुद्राच्या काठचं पान. तळहातापेक्षा लहान, हलक्या खडकाळ जमिनीत कमी पाण्यावर वाढलेलं आणि दोऱ्यात ओवून उन्हात वाळवलेलं. इझमीर, सामसुन, ग्रीसमधलं झांथी अशी गावांची नावंच त्या पानांना चिकटलीयत, म्हणजे आपल्याकडे देवगड म्हटलं की हापूस कळतो तसं. निकोटिन कमी, सुगंध भरपूर, थोडा आंबूस, थोडा जुन्या लाकडी कपाटासारखा.

आणि चौथी रीत म्हणजे धुरी.

ते काळं पान

लताकिया मुळात ओरिएंटल जातीचंच पान. आधी उन्हात वाळवतात आणि मग बंद कोठीत टांगून खाली लाकडं धुमसत ठेवतात. ज्वाळा नको, फक्त धूर. हे काही तासांचं काम नाही, आठवडे आणि महिने चालतं. शेवटी पान काळं होतं आणि धुरातलं तेल-राळ सगळं त्यात मुरतं. सायप्रसच्या लताकियाला तिकडची झाडंझुडपं वापरतात, मॅस्टिक, मर्टल, पाइन वगैरे, आणि त्या लाकडाचा वास पानात स्पष्ट कळतो. शोध कसा लागला याची दंतकथा अशी की सीरियाच्या डोंगरातल्या लोकांनी जास्तीचं पीक घराच्या आढ्याला टांगून ठेवलं, खाली चुली पेटत राहिल्या, काही महिन्यांनी काढून बघतात तर वेगळंच काहीतरी तयार. खरंखोटं देव जाणे, पण ज्यानं कोकणातल्या घराच्या माळ्यावरचे काळे पडलेले वासे बघितलेत त्याला अशक्य वाटणार नाही.

सीरियाचं मूळ लताकिया आता बाजारातून जवळजवळ गेलं. धुरीला लाकूड लागतं, लाकडाला जंगल लागतं, आणि ते उरलं नाही. हल्ली डब्यावर लताकिया लिहिलेलं असलं तर ते सायप्रसचं समजायचं. जुन्या सीरियन पानाची चव वाइनसारखी आंबटगोड होती असं जुने लोक सांगतात, आणि जुन्या लोकांना सगळंच आधीचं जास्त चांगलं वाटतं हेही लक्षात ठेवायचं.

आता हे पान मिश्रणात करतं काय ते समजायला गोड्या मसाल्यातलं दगडफूल आठवा. नुसतं दगडफूल कोणी खात नाही. काळपट, सुरकुतलेलं, वास मातीचा आणि धुराचा, पण चिमूटभर जास्त पडलं की आमटीत दुसरं काही कळतच नाही, आणि नसलं तर मसाला कुठेतरी पोकळ वाटतो, काय कमी आहे ते मात्र सांगता येत नाही. लताकियाचं अगदी हेच. तंबाखूच्या धंद्यात या पानाला मसाल्याचंच पान म्हणतात. व्हर्जिनिया म्हणजे धणे, मिश्रणाचं मूळ वजन आणि गोडवा तिचा, ओरिएंटल मधला सुगंध, आणि लताकिया दगडफूल. दहा टक्के घातलं तर हलकं इंग्लिश, चाळीसच्या आसपास गेलं तर भारी. काही जण जोडीला पेरीक घालतात, हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सेंट जेम्स नावाच्या एका टीचभर भागात होतं, पानं व्हिस्कीच्या पिंपात ठासून वरून स्क्रूनं दाब देऊन वर्षभर आंबवतात, वास सुक्या आलुबुखारासारखा आणि चव मिऱ्यासारखी. ते म्हणजे मसाल्यातलं नागकेशर म्हणा, फार थोडं आणि सगळ्यांना झेपत नाही.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकू. लताकिया दिसायला काळं आणि वासाला उग्र म्हणून लोकांना वाटतं निकोटिनही जबरदस्त असणार. उलट आहे. निकोटिन त्यात कमीच असतं. चव भारी असणं आणि नशा भारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाइपवाले लोकसुद्धा यात गल्लत करतात.

बरं मग यात इंग्लिश काय?

इथे कर येतो. आणि मला विचाराल तर सगळ्या विषयातला हाच भाग खरा मजेदार.

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स. त्याला तंबाखूचा मनापासून तिटकारा. १६०४ साली त्यानं तंबाखूविरुद्ध स्वतः एक पत्रक लिहून काढलं आणि आयात जकात पौंडभर वजनामागे दोन पेन्सवरून थेट सहा शिलिंग दहा पेन्सवर नेली, बारा पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे एक्केचाळीस पट. (साधारण त्याच सुमारास असद बेग हा अकबराचा सरदार आपल्या दख्खनेतून, विजापूरहून, तंबाखू आणि नक्षीदार नळी घेऊन आग्र्याला गेला आणि बादशहानं हकीम नको नको म्हणत असताना दोनचार झुरके मारून बघितले. एकाच वेळी एक राजा शिव्या घालतोय आणि एक बादशहा चाखतोय.) पुढे अमेरिकेतली व्हर्जिनियाची वसाहत तंबाखूवर जगायला लागली आणि जेम्सच्या लक्षात आलं की तिटकारा आपल्या जागी, उत्पन्न आपल्या जागी. १६१९ मध्ये इंग्लंडात तंबाखू पिकवायलाच बंदी आली. कारण उघड आहे, घरच्या शेतात पिकला तर जकात कुठून घेणार? सगळा माल जहाजानं बंदरात यायला हवा, म्हणजे तिथे वजन करून वसूल करता येतं. थोडक्यात, इंग्लिश तंबाखू इंग्लंडात पिकूच नये अशी व्यवस्था शेकडो वर्षं होती.

आता कारखानदाराच्या जागी बसून बघा. जकात वजनावर, आणि ती पान बंदरात उतरतानाच भरलेली. मग त्या पानात काकवी ओतली, साखर घातली, दुसऱ्याच कुठल्या झाडाचा पाला मिसळला, तर? वजन वाढलं, गिऱ्हाइकानं पैसे पूर्ण दिले, आणि वाढलेल्या वजनावर सरकारला एक पैसा नाही. आपल्याकडच्या दूधवाल्याला हे समजवायला लागणार नाही. तर हे बंद करायला १८४२ चा कायदा आला, तंबाखूत पाण्याशिवाय जवळपास दुसरं काही घालायचं नाही. पुढे त्यात सवलती आल्या, सुधारणा झाल्या, पण विसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत ब्रिटनमधल्या कारखान्यांवर हा निर्बंध या ना त्या रूपात होता.

परिणाम काय झाला बघा. अमेरिकन, डच, डॅनिश कारखाने रम, मध, व्हॅनिला मनसोक्त ओतत होते आणि इंग्रज ब्लेंडरचे हात बांधलेले. त्याला चवीत वैविध्य आणायचं तर ते पानातूनच आणायला हवं. तेव्हा जगात जिथे जिथे वेगळ्या चवीचं पान मिळेल तिथून ते आणणं, दाबणं, वाफवणं, मुरवणं, एवढंच त्याच्या हातात. आणि धुरी दिलेलं पान म्हणजे त्याला सोन्याची खाणच, कारण एवढी तीव्र चव, आणि तरी कायद्याच्या भाषेत तो निव्वळ तंबाखू! पूर्व भूमध्य समुद्राशी ब्रिटनचा व्यापार जोरात होता, सायप्रस तर १८७८ पासून १९६० पर्यंत त्यांच्याच ताब्यात. सगळं जुळून आलं.

अपवाद होतेच. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्टजवळ केंडल नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या घराण्यांनी फुलांच्या अर्काचा वास दिलेले तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या बनवले. नवख्या माणसाला ते अंगाला लावायच्या साबणासारखे वाटतात. काही लोक त्यावर जीव टाकतात, मला त्याचं कोडं सुटलेलं नाही.

आणि आणखी एक, लताकियावाल्या मिश्रणाला इंग्लिश म्हणायची सवय जास्त अमेरिकनांची. खुद्द ब्रिटनमधला साधा पाइपवाला बहुतेक व्हर्जिनिया फ्लेकच ओढत आला, फ्लेक म्हणजे पानं दाबून वडी करायची आणि तिचे पातळ काप काढायचे. त्यामुळे लंडनच्या एखाद्या आजोबांना तुम्ही "तुमचा तो इंग्लिश ब्लेंड" म्हणालात तर ते गोंधळून बघतील.

दुकानं, डबे आणि नावांचा बाजार

या प्रकाराला जगभर नेलं ते लंडनच्या दुकानांनी. आल्फ्रेड डनहिलनं १९०७ साली ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं. माणूस मूळचा घोडागाडीच्या सामानाच्या आणि मग मोटारीच्या सामानाच्या धंद्यातला. त्याची युक्ती अशी की गिऱ्हाईक आला की त्याच्याशी बोलून त्याच्यापुरतं मिश्रण करून द्यायचं, वहीत नंबर टाकून लिहून ठेवायचं, पुढच्या वेळी नुसता नंबर सांगितला की तेच मिळणार. त्यातला ९६५ नंबर पुढे सगळ्यांसाठी विकायला आला आणि तो नंबरच त्याचं नाव झाला. सकाळसाठी हलकं ते 'अर्ली मॉर्निंग पाइप', रात्री झोपायच्या आधीचं लताकिया ठासून भरलेलं ते 'नाइटकॅप'. दिवसाची वेळ बघून तंबाखू विकायची कल्पना भारी होती, कारण त्यामुळे एका गिऱ्हाइकाला एकाऐवजी तीन डबे लागतात.

दुसरं मोठं नाव सोब्रानी, लंडनचंच, १८७९ चं. त्यांच्या 'बाल्कन सोब्रानी' या मिश्रणावरून बाल्कन ब्लेंड हा पोटप्रकार निघाला. इंग्लिश आणि बाल्कनमधला फरक काय यावर पाइपवाले लोक रात्ररात्र भांडतात, साधारण समजूत अशी की बाल्कनमध्ये ओरिएंटल आणि लताकियाचा हात सढळ आणि व्हर्जिनिया मागे. ठाम व्याख्या कोणाकडेच नाही. तुम्ही नवीन असाल तर या वादात शिरू नका, काही हाती लागत नाही.

कारखाने मात्र केव्हाच हलले. डनहिलचे तंबाखू लंडनहून बेलफास्टला गेले, तिथून डेन्मार्कला, आणि शेवटी डनहिल हे नावच पाइप तंबाखूच्या डब्यावरून उतरलं, तीच मिश्रणं आता पीटरसन या आयरिश नावानं विकली जातात. म्हणजे सध्याचा हिशेब असा: प्रकार इंग्लिश, नाव आयरिश, कारखाना डॅनिश, पान सायप्रसचं.

पेटवल्यावर नक्की होतं काय

पाइपचं भांडं, ज्याला बाऊल म्हणतात, ते बहुतेक ब्रायरचं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीत वाढणारी गाठ. ती सहज पेटत नाही आणि ओल शोषते, म्हणून वापरतात. एका वेळी दोनतीन ग्रॅम तंबाखू बसतो आणि तो पाऊण तास, तासभर चालतो. ज्यांना सिगरेटची सवय आहे त्यांना हे झेपत नाही, कारण इथे घाई केली की सगळं बिघडतं. व्हर्जिनियात साखर भरपूर, ती जोरात जळली की वाफ आणि गरम धूर थेट जिभेवर येतो आणि जीभ भाजल्यासारखी चरचरते, दोन दिवस आमटी तिखट लागते. लताकिया आणि ओरिएंटल सावकाश, थंड जळतात. साखरेचा पाकही वरून ओतलेला नसतो, त्यामुळे तंबाखू कोरडा असतो, भरायला आणि पेटवायला सोपा, पाइपच्या तळाशी पाणी साचून गुळगुळ आवाज कमी येतो. म्हणून बरेच जुने लोक नवख्याला गोड वासाच्या डब्यापेक्षा हाच देतात, जरी वासानं तो आधी पळून जात असला तरी.

पहिल्यांदा पेटवलं की वरचे धागे फुलून वर येतात आणि विझतात, मग लोखंडी दट्ट्यानं हलकंसं दाबायचं आणि परत पेटवायचं. अधूनमधून विझणं ही चूक नाही, तसंच असतं. आतून भांड्याला काजळीचा पातळ थर धरतो, त्याला केक म्हणतात, तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो, पण फार जाड झाला की भांडं तडकू शकतं म्हणून खरवडून नाण्याच्या जाडीएवढाच ठेवतात. आणि लताकिया ज्या पाइपमध्ये ओढलं त्या पाइपमध्ये त्याचं भूत बसतं. नंतर त्यात नाजूक व्हर्जिनिया भरा की आतून धुराची चव येत राहणारच. त्यामुळे लोक लताकियासाठी पाइप वेगळा ठेवतात.

ओढणाऱ्याला जे लागतं आणि शेजारी बसलेल्याला जो वास येतो त्यात केवढा फरक! चेरी-व्हॅनिलावाल्याच्या खोलीत शिरलं की लोक म्हणतात अहाहा, आणि स्वतः ओढणाऱ्याला बऱ्याचदा गरम गोड पाण्याशिवाय फारसं काही लागत नाही. लताकियाचं बरोब्बर उलटं. ओढणारा डोळे मिटून खूश, आणि घरातले विचारतात गॅसवर काय ठेवलंय.

"पण यात केमिकल, फ्लेवर काही नाही ना, म्हणजे शुद्धच की"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा. वर सगळी जकातीची कथा सांगितली ती यासाठीच. काही न मिसळण्याचा नियम कोणाच्या फुप्फुसांची काळजी म्हणून आला नव्हता, तिजोरीच्या काळजीनं आला होता. पान निव्वळ असलं तरी ते जाळलं की कार्बन मोनॉक्साइड आणि टार तयार होणारच, त्याला वरून व्हॅनिला टाकायची गरज लागत नाही. तंबाखूत क्युअरिंगच्या वेळीच निकोटिनपासून नायट्रोसमीन नावाची संयुगं तयार होतात, ती कॅन्सर करणारी आहेत. त्यात लताकियाची गोष्ट आणखी वाईट, महिनोन्‌महिने लाकडाच्या धुरात टांगलेल्या पानाला तुम्ही काडी लावायच्या आधीच धुरातले घातक घटक चिकटलेले असतात. जी धुरी त्याची चव बनवते तीच हेही करते. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था तंबाखू ओढण्याला पहिल्या गटात टाकते, म्हणजे माणसाला कॅन्सर करतं हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, आणि त्यात पाइप वेगळा काढलेला नाही.

"पण धूर आत घेतच नाहीत म्हणे"

हे अर्धं खरं. पाइपचा धूर तोंडात घोळवून सोडतात, सिगरेटसारखा छातीत ओढत नाहीत. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं, त्यामुळे सवय लागत नाही असं नाही. आणि धूर जिथे घोळवला तिथेच त्याचं काम चालतं: ओठ, जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोकाही पाइपवाल्याला न ओढणाऱ्यापेक्षा जास्तच असतो, सिगरेटवाल्यापेक्षा कमी निघाला तरी. त्यातही एक मेख आहे, सिगरेट सोडून पाइपकडे आलेला माणूस जुन्या सवयीनं धूर आत घेत राहतो, म्हणजे त्याला जो फायदा होईल असं वाटत होतं तोही होत नाही. ज्या राज्यात गुटखा-मिश्रीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट प्रत्येकाच्या ओळखीत आहेत तिथे "फक्त तोंडात ठेवतो" हा दिलासा कसा काय वाटतो कोण जाणे.

घरातल्यांच्या नाकातोंडात जाणारा धूर हा तर वेगळाच विषय, त्यांनी तर पाऊण तासाची मजाही घेतलेली नसते.

"मग आपल्या चिलीम-हुक्क्यापेक्षा हे वेगळं काय?"

बराच फरक आहे. चिलीम मातीची, सरळ, खाली ओल्या फडक्याची छापी धरून मुठीतून दम मारायचा, धूर थेट छातीत. पाइपमध्ये दम मारायचा नसतोच, घोट घ्यायचा असतो. हुक्क्याची गुडगुडी धूर पाण्यातून काढते, धूर थंड होतो, विष गळून जात नाही. पण मला यातला तंबाखूचा फरक जास्त मजेशीर वाटतो. आपला हुक्क्याचा गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ किंवा काकवी एकत्र कुटलेली, वर कोणी सुगंधही घालतं. म्हणजे ज्या गोष्टीला १८४२ च्या कायद्यानं लंडनमध्ये दंड झाला असता, ती आपल्याकडे राजरोस पाककृती होती! त्या हिशेबानं आपण सगळे आधीपासून ॲरोमॅटिकवाले.

"भारतात मिळतो का, आणि एवढा महाग का?"

मिळतो, मोठ्या शहरांतल्या मोजक्या दुकानांत, पण निवड कमी आणि किंमत बघून माणूस पहिल्यांदा डबा परत ठेवतो. पुन्हा कारण तेच, कर. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा पाइपच्या मिश्रणावर २८ टक्के जीएसटी आणि वर २९० टक्के भरपाई उपकर होता, तुम्ही बरोबर वाचलं, दोनशे नव्वद, आणि आयात असेल तर सीमाशुल्क वेगळं. नंतर दर आणि मोजायच्या रीती बदलत गेल्या, तरी हा माल स्वस्त काही झाला नाही. विडी मात्र कायम सौम्य कराखाली राहिली, धूर जरी दोन्हीचा वाईटच असला तरी, कारण विडीमागे लाखो वळणाऱ्या बायका आणि त्यांची मतं आहेत, पाइपमागे कोण आहे?

बाकी नियम सिगरेटचेच. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा कायदा लागू, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी, अठराच्या खाली विकायचं नाही, आणि २०१६ पासून पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्राची सूचना. परदेशातून कोणी आणलेल्या डब्यावर ती सूचना दिसत नाही म्हणून तो जास्त सभ्य वाटतो एवढंच.

आणि ज्यांच्या घरी कोणाचा तरी जुना, बंद डबा पडलाय (असे निघतात, बहुतेक परदेशवारीहून कोणी आणलेले) त्यांच्यासाठी. बंद डबा वर्षानुवर्षं टिकतो. व्हर्जिनिया मुरत जाते, लताकियाचा धुरकटपणा मात्र हळूहळू उतरतो, म्हणजे वीस वर्षांनी तेच मिश्रण वेगळंच लागतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात एकदा उघडला की मात्र आठवड्यात ओल धरतो. पानावर पांढरं काही दिसलं तर उजेडात धरून बघायचं: बारीक चमकणारे कण असतील तर ते जुन्या पानावर आलेले स्फटिक असतात, पण कापसासारखी लव असेल आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी, डब्यासकट कचऱ्यात.